रिकाम्या हातानं

देवाकडं, गुरूकडं आणि लेकराकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, असं आमच्याकडची माणसं मानतात. नारळ न्यायचा राहिला तर देव समजून घेतो. गुरूचं तर आजकाल कुणाला आठवतही नाही. पण लेकराचं कुणी विसरत नाही, आणि त्यातून आमचं घर पडलं उमरग्यात, एसटी स्टँडच्या मागं, दवाखान्यांच्या गल्लीत.

सासरचं गाव तालुक्यातच, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं कुणाचा गुडघा धरला, कुणाला मोतीबिंदू झाला, कुणाचे दिवस भरत आले, की माणूस उमरग्याला येतो. डॉक्टरला दाखवून झालं की परतीच्या एसटीला वेळ असतो. मग पावलं आपोआप आमच्या घराकडं वळतात. मला त्याचं काही नाही. मी ब्लाउज शिवते, शाळेचे ड्रेस शिवते, मशीन दारातच असतं. पाय मारता मारता बोलता येतं, आणि मला माणसं आवडतात. पण आलेला प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी पिशवीत हात घालायचा आणि माझ्या लेकीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवायचा. वर एखादं चिप्सचं पाकीट. जगात आजारी माणसाला भेटायला जाताना खाऊ नेतात. आमच्याकडं आजारी माणसंच धडधाकट लेकरासाठी खाऊ आणायची.

कहर होता तो आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांना साखरेचा आजार. रक्त तपासायला देऊन झालं की आधी आमच्या घरी टेकायच्या, सुई टोचलेल्या जागी कापूस धरलेला असायचा आणि दुसऱ्या हातात क्रीमच्या बिस्किटांचा मोठा पुडा. "मला मेल्या डॉक्टरनं सगळं बंद केलंय," असं म्हणून पुडा पोरीच्या ओटीत टाकायच्या. "तू तरी खा माय. तू खाल्लंस की माझं पोट भरतं."

आणि घरात आबा होतेच. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना उमरग्याला घेऊन आलो, रान बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं. सगळी हयात रानात काढलेला माणूस, इथं त्यांना काही कामच नव्हतं. सकाळी स्टँडवर जायचं, गावाकडच्या एसटीतून कोण उतरतंय ते बघायचं, परत यायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. त्यांच्या दिवसाला अर्थ यायचा तो पोरगी शाळेतून आल्यावर. ती दप्तर फेकून ओट्यावर बसायची आणि आबा गल्लीच्या तोंडाशी दिसले की ओरडायची, "आबा, काय आणलं?"

आबा लगेच सांगायचे नाहीत. दोन्ही मुठी मिटून पुढं करायचे. "वळख बरं, कुठल्या मुठीत?" ती एक मूठ धरायची, बोटं एकेक करून उचकटायची. चुकली तर आबा दुसरी मूठ स्वतःच उघडायचे. म्हणजे हरणं नावाची गोष्टच त्या खेळात नव्हती. कधी चॉकलेट, कधी गोळ्या, कधी पाच रुपयांचा पुडा मुठीत मावेल असा चेपलेला. तो तेवढा वेळ आबांच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मी मशीनवरून चोरून बघायची. सासूबाई गेल्यापासून तसा चेहरा त्यांचा दुसऱ्या कुठल्या वेळी दिसत नव्हता.

पोरगी गुटगुटीत होत गेली. म्हणजे आम्ही तिला गुटगुटीत म्हणत होतो. आबा म्हणायचे बाळसं आहे, अजून उतरायचंय. आत्या म्हणायच्या खात्यापित्या घरची दिसते. नवरा म्हणायचा, उंची वाढली की बरोबर होईल. जाड हा शब्द कुणी काढत नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून. उलट कुणी पाहुणा तिच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिला, की तो गेल्यावर आबा मीठ-मोहऱ्या उतरून टाकायला लावायचे. चौथीतली पोरगी, आणि अजून तिचं बाळसं!

मला मात्र ते कळत होतं, कारण तिचे कपडे मीच शिवत होते. शिवताना कापड शिलाईच्या आत थोडं जास्तीचं सोडतात, पुढं अंग वाढलं तर उसवून ढिलं करता यावं म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला आम्ही शिवणारे लोक माया म्हणतो. "बाई, जरा माया ठेवा हं," असं गिऱ्हाईकही सांगून जातं. माझ्या लेकीच्या शाळेच्या ड्रेसात मी दोन बोटं माया ठेवली होती. दिवाळीच्या आतच ती सगळी सोडून झाली.

शाळेत तेव्हा लेझीम बसवत होते. पोरीला लेझमीचं भारी वेड. ते आलं होतं आबांकडून. तरुणपणी गावच्या जत्रेत आबा लेझीम खेळायचे, खेळवायचेही. ती अंगणात सराव करायची आणि आबा एका हातानं ताल द्यायचे, कारण दुसऱ्या हातात पुडा असायचा. एक फेरी झाली की एक बिस्किट. तिला वाटायचं हाच लेझमीचा नियम आहे.

एक दिवस ती शाळेतून आली ती थेट आतल्या खोलीत गेली. आबा मुठी पुढं करून उभे राहिले, तिनं बघितलंसुद्धा नाही. मी मागं गेले. तिनं ड्रेस काढून पलंगावर टाकला होता. बगलेपासून कमरेपर्यंत शिवण उसवलेली. खाली बसून उठायच्या पावलीला फाटला असणार, आणि पोरं हसली असणार, हे विचारायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, "अगं, धागाच कच्चा होता. आत्ता घालून देते टाके."

तर ती म्हणाली, "नको. आता लेझीम खेळायचीच न्हाय मला. आणि आई, पुढच्या वेळंला पहिल्यापासूनच मोठ्या बाईचं माप घे."

मला रडू आलं. मी तिच्यासमोर रडले नाही, पण मशीनवर बसून दोरा ओवताना सुईचं नेढं दिसेना. नऊ वर्षांच्या पोरीनं स्वतःसाठी बाईचं माप सांगावं! तिनं लेझीम पलंगाखाली सरकवून दिली ती तिथंच राहिली.

गल्लीत दवाखाने आहेतच. दुसऱ्या दिवशी मी तिला लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले. आबाही निघाले. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं, पण कुणी नको म्हणायचीही सोय नव्हती.

डॉक्टरबाईंनी वजन-उंची घेतली, पोरीला बाहेरच्या काचेच्या पेटीतले मासे बघायला पाठवलं आणि मग आम्हाला दिवसभराचं खाणं विचारलं. मी सांगत गेले. सकाळी साखरेचा चहा आणि बिस्किटं. डबा. आल्यावर आबांच्या मुठीतलं. पाहुणा आला तर त्याचं. टीव्ही लागला की फरसाण, नवऱ्याच्या सोबतीनं. रात्री ताटात काही उरलं की "एवढा घास माझ्यासाठी" म्हणून आमच्यातलं कुणीतरी तिला चारणार. सांगताना माझं मलाच हसू यायला लागलं आणि लाजही वाटायला लागली. एका पोटात आम्ही किती जण आपापली माया भरत होतो!

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हिला उपाशी ठेवायचं नाही. जाड आहेस म्हणून चिडवायचं नाही, कुणालाच चिडवू द्यायचं नाही. ही वाढतीय अजून. वजन जागेवर राहिलं तर उंची त्याला गाठेल. घरात काय शिजवायचं आणि कधी जेवायचं, ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिच्या पोटाला ठरवू द्या. ती पुरे म्हणाली की पुरे. आणि हिच्या एकटीसाठी वेगळं काही करू नका. जे घरात येईल ते सगळ्यांसाठी. जे येणार नाही ते कुणासाठीच येणार नाही."

मग त्यांनी विचारलं, "खाऊ जास्त करून कोण आणतं?"

आबांनी नकळत खिशावर हात ठेवला आणि आतला पुडा चुर्र वाजला. डॉक्टरबाईंनी ऐकलं, पण त्या कागदावर लिहीत राहिल्या. माझ्या मनातून त्या बाईचं मोठेपण अजून जात नाही. बाहेर आल्यावर आबांनी तो पुडा फोडला आणि स्टँडजवळच्या एका वासरापुढं ओतला.

मी तापट आहे. मनात आलं की करून मोकळी होते. त्याच संध्याकाळी बिस्किटांचा डबा घासून त्यात शेंगदाणे भरले. कोल्ड्रिंकची बाटली बंद. टीव्हीसमोर ताट बंद. सगळ्यांनी एकत्र खाली बसायचं, ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, कांदा, काकडी. नवऱ्यानं ताटाकडं बघून विचारलं, "मी काय गुन्हा केला?" मी म्हटलं, "डॉक्टरबाईंनी सगळ्यांसाठी सांगितलंय. तुमचंही बाळसं उतरायचं राहिलंय." पोरगी खदखदून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. त्यानंतर फरसाणाचं नाव घरात निघालं नाही, नवरा त्याच्या दुकानात बसून काय खातो ते मी विचारत नाही.

सुरुवातीला पोरीनं त्रास दिला. भाकरीला नाकं मुरडली, डबा तसाच आणला, एकदा जेवलीच नाही. तरी मी "एक घास" म्हणायचं तोंड दाबून धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःहून शिळी भाकरी आणि दही मागून घेतलं. भूक लागली म्हणून मागितलेलं अन्न मी तिच्या तोंडात जाताना पहिल्यांदाच इतकं नीट बघितलं.

घरातलं जमलं. पाहुण्यांचं कसं करायचं? आणलेला पुडा परत कसा द्यायचा? मग मला एक युक्ती सुचली. पाहुण्यानं पुडा दिला की मी तो पोरीच्या हातातून घ्यायची, फोडायची आणि चहाबरोबर पाहुण्यापुढंच ठेवायची. बहुतेकजण हसत खायचे. आत्यांपुढं बशी ठेवली तशा त्या म्हणाल्या, "अगं, विख हाय ते माझ्यासाठी. मला कुठं चालतंय हे?"

"मग हिला कसं चालंल, आत्या?" मी म्हटलं.

आत्यांचा चेहरा पडला. "म्हंजी आमचा पुडा जड झाला का तुला? सुनंच्या दारात हात हालवत येऊ का म्या? लोक काय म्हणतील, भाच्याच्या पोरीला दातावर मारायला आणलं न्हाय म्हणतील." मी समजावलं, डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. म्हटलं, रानातलं काय असेल ते आणा की. वाळूक आणा, हरभऱ्याचा डहाळा आणा, बोरं आणा. तर त्या अजूनच चिडल्या. "शेरगावात येताना पदरात बोरं बांधून येऊ? भिकारणीवानी?" चहा अर्धा टाकून गेल्या. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पुडा हा त्यांच्या लेखी खाऊ नव्हताच. तो मान होता, दुकानातून विकत आणलेला. माझं माहेर तामलवाडीचं, माझी आईसुद्धा घरची पपई सोडून क्रीमचा पुडा घेऊन यायची. मग आत्यांना तरी काय बोलायचं?

पण खरी अडचण आत्यांची नव्हती. आबा बदलले होते. शाळा सुटायच्या वेळेला ते घरी येईनासे झाले. पोरगी ओट्यावर बसून गल्लीच्या तोंडाकडं बघायची, मग कंटाळून आत यायची. आबा यायचे ते दिवेलागण झाल्यावर, ती अभ्यासाला बसल्यावर, आणि भिंतीच्या कडेनं आत जायचे. बोलावलं तरच जेवायला बसायचे. मला वाटलं रुसले असतील. मला वाईट वाटत होतं आणि तितकाच रागही येत होता. घरात एक रुसलेलं लेकरू पुरे होतं.

शेवटी एका संध्याकाळी मी मशीन बंद केलं आणि स्टँडवर गेले. आबा बाकावर बसले होते. समोर फळाचा गाडा, शेजारी बेकरीचं दुकान, पलीकडं हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न. मी शेजारी बसले.

"आबा, घरी चला. पोरगी वाट बघती."

"वाट बघती व्हय?" ते म्हणाले. "कशाची?"

"तुमची. दुसऱ्या कशाची?"

आबांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिले. "सूनबाई, रानात होतो तवा रिकामं यायची पाळीच आली न्हाय. शेंगा असायच्या, डहाळा असायचा, वाळूक असायचं. काय न्हाय तर चिंचा. धोतराच्या सोग्यात घालून आणायचं. तुजा नवरा आन् नणंदा त्याच्यावरच वाढल्या. आता रान न्हाय जवळ. हितं बगंल तिकडं दुकानंच हायत. मूठ भरायची तर दुकानातूनच भरावी लागती."

"मग पेरू आणा," मी गाड्याकडं बोट दाखवलं.

"आणीन की. पेरूचं काय न्हाय." ते जरा थांबले. "पर त्या दिवशी ड्रेस फाटून आली तवा म्या मूठ धरली तर तिनं बघितलं न्हाय. तवापासून मनात येतंय. ती माझ्याकडं येती, का मुठीकडं येती? मुठीत काय नसलं आन् ती आलीच न्हाय, तर म्या काय करू? गावाकडं रान तरी हुतं. हितं माझं त्या पोरीशिवाय कोन हाय?"

त्यांचे हात तसेच उताणे पडले होते, कष्टानं जाड झालेल्या कातडीचे, आणि बायको गेल्यापासून त्या हातांना लेकरासोबतचा मुठींचा खेळ सोडून दुसरं काही मिळालं नव्हतं. आम्ही घरातून पुडे काढले, ते बरंच केलं. पण पुड्याच्या मागं बसलेल्या माणसाचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "चला आबा. बघू तरी."

ते उठले. पेरूच्या गाड्याशी जरा रेंगाळले, खिशात हात घातला, आणि पुन्हा बाहेर काढला. "न्हाय," ते म्हणाले. "आज काय नेत न्हाय. एकदा कळून तरी जाऊ दे."

वाटेत मीच घाबरले होते. पोरगी पोरगीच, तिला काय पोच? ती तोंड वाकडं करून आत गेली, तर हा माणूस पुन्हा त्या बाकावरून उठायचा नाही. दोन पेरू घेतले असते तर काय बिघडलं असतं, असं मनात म्हणत मी त्यांच्या मागून चालत होते.

गल्लीच्या तोंडाशी ते दिसताच ती ओट्यावरून उठली. "आबा! काय आणलं?"

आबा अंगणात आले. दोन्ही हात पुढं केले, पण मुठी मिटल्या नाहीत. "काय न्हाय माय. आज रिकामेच हात हायत."

तिनं आधी एक हात बघितला, मग दुसरा. उलटा करूनही बघितला. मी दारात उभी होते. ती वळली आणि आत पळाली. आबांचे हात हळूहळू खाली आले. ते माझ्याकडं बघत नव्हते, तुळशीकडं बघत होते.

आतून पलंग सरकल्याचा आवाज झाला, मग साखळीतल्या चकत्या खळखळल्या. ती लेझीम घेऊन बाहेर आली. फ्रॉकला धूळ लागलेली, केसात जळमट.

"आबा, दोन्ही हात मोकळे हायत व्हय आज?" ती म्हणाली. "मग नीट ताल धरा की. रोज तुम्ही एकाच हातानं धरायचा, मला ऐकूच यायचं न्हाय."

आबांना क्षणभर समजेना. मग त्यांनी घसा खाकरला, पाय रोवून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी टाळी दिली. केवढा मोठा आवाज! शेजारची बाई डोकावून गेली. पोरगी खाली बसली, उठली, वळली. तिसऱ्या पावलीला तिला धाप लागली, तोंड लाल झालं, आणि ती गुडघ्यावर हात टेकून थांबली. आबांचा ताल तुटला. सवयीनं त्यांचा हात खिशात गेला, एक फेरी झाली होती ना. खिसा रिकामा होता. हात तसाच आत राहिला.

तिनं धापा टाकतच मान वर केली.

"खिशात काय बघताय आबा? ताल सोडू नका."